मागच्या सीटचं माप

करड्या गाडीवर गुरुशांतनं पहिला गतिरोधक घेतला, तेव्हा राजेश्वरी मागच्या सीटवरून घसरून पुढं आली, त्याच्या पाठीला पुरती टेकली, आणि त्याच्या पाठीत काहीच टोचलं नाही.

झालं ते एवढंच. फेब्रुवारीतली सकाळ, अकरा वाजत आलेले, अक्कलकोट रस्त्यावर ऊन आत्तापासूनच डोळ्यांवर येत होतं. चालवून बघायला दिलेली गाडी, डोक्यावर शोरूमचं उसनं हेल्मेट, मागं बायको. दुसऱ्या कुणाला यात काही वावगं दिसलंही नसतं. पण गुरुशांत पडला मोटारपंपांच्या धंद्यातला माणूस. उजनीच्या पाण्याकाठची गावं पंचवीस वर्षं पालथी घातलेला. बांधावर चहाचा कप हातात घेऊन उभ्या उभ्या तो सांगायचा, "बेअरिंग गेलंय, काढा वर." आणि वर काढलेल्या पंपाचं बेअरिंग खरंच गेलेलं असायचं. जे असायला हवं ते नसलं की आपल्याला लगेच कळतं, असं लोक म्हणायचे म्हणून त्यालाही वाटत आलं होतं. त्यामुळं गतिरोधक ओलांडून गाडी सरळ झाली तरी त्याचं मन मागंच, त्या पांढऱ्या पट्ट्यांवर अडून बसलं. काहीतरी नव्हतं. काय नव्हतं?

करडगी नव्हती. राजेश्वरीच्या गळ्यात जन्मापासून इष्टलिंग होतं, लिंगायताच्या घरात असतं तसं. दोऱ्यात ओवलेली, छातीवर येणारी चांदीची लहान अंड्याएवढी डबी, तिला करडगी म्हणायचं, आणि त्या डबीत ते असायचं. आंघोळीला, झोपेत, बाळंतपणात, कधी म्हणजे कधी ते अंगावेगळं करायचं नाही. अंगावर ते नसलं म्हणजे काय, हे घरात कुणी बोलून दाखवत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यानं तिला विजापूरवरून कूडलसंगमला नेलं होतं, त्याच्या त्या वेळच्या लांब सीटच्या गाडीवरून. राजेश्वरीनं आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला होता, दोन्हीकडं पाय टाकून बसली होती, आणि सासूबाईंनी दारातून आत जाऊन कडी लावून घेतली होती. रस्ता खड्ड्यांचा. ब्रेक दाबला की ती पुढं यायची आणि करडगी त्याच्या पाठीच्या कण्याच्या डावीकडं नेमकी टोचायची. तिच्या करडगीला एका बाजूनं पोचा आला होता, लहानपणी हंड्यावर आपटून, आणि त्या पोच्याची कड बोचरी होती. "करडगी टोचती की," तो ओरडायचा. "मग ब्रेक कमी दाबा की," ती मागून ओरडायची, आणि तिचं हसू वाऱ्यात जायचं. पुढं चंद्रिका झाली. ती टाकीवर बसायची, तिच्या केसांच्या तेलाचा वास त्याच्या नाकात आणि मागून ती करडगी पाठीत. देवळात कुणी विचारलं असतं तुझं सुख कुठंय, तर गुरुशांतनं पाठीवरची ती जागा दाखवली असती. घरी आल्यावर तिथं लाल खूण असायची, आणि राजेश्वरी तिच्यावर खोबरेल चोळायची.

सीटमुळं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. सीटबद्दल त्याला आता पुष्कळ कळत होतं. गेल्या अकरा महिन्यांत त्यानं दुसरं फारसं काही केलंच नव्हतं. एक लांबट वही होती, तिच्यात प्रत्येक गाडीला एक पान. सीट जमिनीपासून किती उंच. मागच्याच्या सीटपासून पाय ठेवायच्या खुंटीपर्यंत किती इंच, म्हणजे गुडघे किती दुमडतील. पुढच्या माणसाच्या बुडापासून मागच्याचं बूड किती अंतरावर. मागच्याला धरायला कड्या आहेत की नाहीत, आणि आहेत तर हात नैसर्गिक पडतो की खांदे मागं ओढले जातात. मागच्या सस्पेन्शनला माणसाच्या वजनाप्रमाणं स्प्रिंग आवळता येते का. लांब पल्ल्याच्या, वाऱ्याची काच असलेल्या, पळायलाही चपळ आणि दिवसभर बसायलाही सुखाच्या अशा गाड्यांचा एक वर्गच असतो, हे त्याला या वयात कळलं, आणि या वर्गातल्या बहुतेक गाड्या पुढच्याचं कौतुक करतात आणि मागच्याला विसरतात, हेही कळलं. पुण्याला माल आणायला गेला की तो शोरूममध्ये शिरायचा, खिशातून टेप काढायचा आणि मागची सीट मोजायचा. पोरं हसायची. मेहुणा चनबसप्पा तर तोंडावरच म्हणाला, "भावजी, एक्कावन्नाव्या वर्षी हे काय डोहाळे?" गुरुशांत उत्तर देत नसे. उत्तर सोपं होतं. राजेश्वरीची पाठ दुखत होती.

चंद्रिका गेली त्याला दीड वर्ष झालं. पुण्याहून तापानं फणफणत आली, तीन दिवसांत गेली. विसावं वर्ष चालू होतं. डासाचा ताप, रक्तातल्या कसल्यातरी पेशी उतरत गेल्या, आणि डॉक्टर आकडे सांगत राहिले. त्यानंतर राजेश्वरी पोरीच्या खोलीत झोपायला लागली, तिच्या पलंगावर. मग ती घराबाहेर पडेनाशी झाली. बाजारात चल म्हटलं, सिद्धेश्वरच्या तळ्यावर चक्कर मारून येऊ म्हटलं, तर स्कूटर बघूनच म्हणायची, "बेडा. पाट दुकतीया." नको म्हणताना तिच्या तोंडी कानडीच यायचं. त्यानं पाठीचे फोटो काढवले, फोटोत काही निघालं नाही. मलम आणलं, ते ती स्वतःच लावून घ्यायची, दार लोटून. गरम पाण्याची पिशवी आणली. मोटारीतून न्यायचं म्हटलं तर यायची, पण मागच्या सीटवर बसून उलट्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत राहायची, आणि पार करमाळ्यापर्यंत दोघांत चार शब्द व्हायचे नाहीत. मोटारीत माणसाला माणूस लागत नाही, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. गाडीवर लागतो. गाडीवर धरावं लागतं. म्हणून तिच्या पाठीला पेलेल अशी गाडी सापडली, की तिला मागं बसवून तो पुन्हा कूडलसंगमला जाणार होता, तिथून बदामीला, आणि तिथून जिथवर रस्ता असेल तिथवर. यात त्याला खुळेपणा वाटत नव्हता. एक खराब झालेला भाग शोधून काढायचा आणि त्याला बसेल असा भाग लावायचा, एवढंच आयुष्यभर केलं होतं त्यानं.

आज ती यायला तयार झाली तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. रिक्षानं आले दोघं. चंद्रिकाचा निळसर सलवार-कुडता घातला होता तिनं, थोडा घट्ट होत होता. शोरूममधला उदयसिंह चाळिशीचा, स्वतः लेह-लडाख करून आलेला, बोलका माणूस. "या काकू, बसून तर बगा," म्हणत त्यानं आधी निळी गाडी बाहेर काढली. निळीची सीट दोन भागांची, मागची वर, मागं पाठ टेकायला गादी, दोन्ही बाजूंना कड्या. एमआयडीसीच्या वळणापर्यंत जाऊन आले. एकदाही राजेश्वरी त्याला लागली नाही. दोघांच्या मधून वारा जात होता. "कसं वाटलं?" "बरं हाय." त्यानं वहीत बरोबरची खूण केली. पाठीला हेच चांगलं होतं. मग करडी. करडीचं इंजिन गोड, काच मोठी, पण मागची सीट पुढं उतरती. ब्रेक लागला की मागचा माणूस पुढच्यावर येतो, असं नेटवर सगळ्यांनी लिहिलं होतं. फुली मारण्यापुरती एक चक्कर, म्हणून तो निघाला होता.

आणि ती आली होती त्याच्यावर. पूर्ण. तिच्या छातीचा मऊ भार त्याला दीड वर्षांनी कळला होता, आणि त्या भारात मधोमध जे कठीण असायला हवं ते नव्हतं.

दुसरा गतिरोधक नव्हताच. सपाट, मोकळा रस्ता होता, पुढं लांबवर उसाचा एक ट्रॅक्टर. गुरुशांतनं उगाच ब्रेक दाबला. ती आली. काही नाही. कुडता घट्ट आहे, करडगी सरकून काखेकडं गेली असेल. त्यानं वेग घेतला आणि पुन्हा दाबला, या वेळी जरा जास्तच. टायर कचकन बोलले, तिची हनुवटी त्याच्या हेल्मेटवर आपटली. काही नाही. पाठीवरच्या त्या जागेला स्वतःची आठवण होती, ती जागा वाट बघत होती, आणि तिच्यावर नुसती ऊब येऊन परत जात होती. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. बायकोला मागं बसवून भर रस्त्यात तिची झडती घेत होतो आपण, ब्रेकनं. लाज वाटली, तरी पाय तिसऱ्यांदा दाबायला गेला.

"री," ती त्याच्या कानाशी म्हणाली, नवऱ्याला मारायची नेहमीची कानडी हाक. ओरडली नाही. "पुरे आता. थांबवा."

कुंभारीच्या अलीकडं रस्त्याकडेला एक कडुनिंब होता, त्याच्या खाली चहाची टपरी, बंद. त्यानं गाडी तिथं घेतली. राजेश्वरी उतरली, हेल्मेट काढून दोन्ही हातांत धरून उभी राहिली. केस कपाळाला चिकटले होते. पलीकडं कामगारांच्या वसाहतीची एकसारखी घरं उन्हात तापत होती आणि कुठंतरी कुणीतरी कपडे धोपटत होतं. आधी तोच बोलला, आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं. "पाठ दुखली का?"

"माजी पाट कदीच दुकत नव्हती," राजेश्वरी म्हणाली.

गुरुशांतला वाटलं होतं धक्का करडगीचा बसेल. हा कुठून आला? अकरा महिने, ती वही, तो टेप, पुण्याच्या पोरांचं हसणं, मलम, पिशवी, सगळं एका न दुखणाऱ्या पाठीसाठी. तो टपरीच्या फळीवर बसला. ती उभीच राहिली, आणि मग, जसं काही घरातलं वाणसामान सांगावं तशा आवाजात तिनं सांगितलं. स्कूटरवर बसले असते तर तुम्हाला पहिल्या खड्ड्याला कळलं असतं. म्हणून पाठ. मोटारीत मागं बसले ते त्याच भीतीनं, शेजारी बसलं की तुम्ही हात लावून बघाल. तिकडच्या खोलीत झोपले तेही अर्धं त्यासाठीच. "पण तुमी त्या पाटीचं इतकं कराया लागलात की मलाच मेल्याहून मेल्यासारकं व्हाया लागलं. रातचं टेप घेऊन खुर्च्या मोजत बसायचात. म्हटलं, चला जाऊ. कळू द्या एकदाचं."

"कुठंय मग?"

"तिच्याजवळ हाय."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याला रुद्रभूमीतला, लिंगायतांच्या दफनभूमीतला तो दिवस दिसला, आणि त्या दिवसात आजवर न बघितलेली एक जागा दिसली. चंद्रिकाला खड्ड्यात बसवलं होतं, मांडी घालून, बसवतात तशी. विधी करणारे अय्या, घरचे जंगम, खाली उतरले होते. त्यांनी तिच्या गळ्यातली करडगी काढली, उघडली, आतलं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं, वर बेलाचं पान. रिकामी करडगी त्यांनी वर, काठावर उभ्या असलेल्या बापाच्या हातात दिली. बापानं ती मुठीत धरली. घरी येईपर्यंत मुठीतच होती. एका बाजूला पोचा होता तिला, बोचरी कड होती, आणि ती कड त्याच्या तळव्यात रुतली होती. पंचवीस वर्षं पाठीत रुतलेली कड, आणि ती हातात आली तेव्हा त्यानं ओळखली नाही. मोठा आला बेअरिंग ओळखणारा.

"तिचं तिनं काडलं होतं," राजेश्वरी सांगत होती. "आदल्या दिवाळीत. माज्या हातात आनून दिलं. म्हणाली, अव्वा, मी रोज पूजा करत न्हाई. नुसतं गळ्यात बाळगायचं म्हंजे खोटं वाटतं. देवाचा राग न्हाई म्हणाली. तू ठेव, मला वाटलं तर मागून घेईन." तिनं हेल्मेटची पट्टी बोटाला गुंडाळली. "मग ती आली ती तापातच. आंघोळ घालताना गळा मोकळा. बायका जमलेल्या. कपाटातनं तिचं आनायला उटले, आन् मनात आलं, तिला ते नको होतं. तिनं सोताच्या हातानं काडून दिलेलं मी तिच्या गळ्यात कसं बांदू? माजं चालेल का, हे इचारायला ती न्हवती. मग माजंच बांदलं. तेवडं तरी आईचं म्हणून घेऊन जाईल."

"आणि तिचं?"

"कपाटात. माजी रिकामी आन् तिची भरलेली, शेजारी शेजारी."

"अगं, पण तू रोज सकाळी..." त्याला ते आठवलं. रोज सकाळी तो इकडं पूजेला बसायचा आणि पलीकडं भिंतीकडं तोंड करून ती. डावा तळहात समोर धरलेला, उजव्या हातानं भस्म, पाणी, पान. तिची पाठ त्याला दिसायची. तळहात दिसायचा नाही.

"तळहात असतो की," ती म्हणाली. "त्याच्यावर कर्ती."

गुरुशांतनं रस्त्याकडं बघितलं. ट्रॅक्टर आता जवळून गेला, उसाची दोन टिपरं पडली. त्याच्या मनात सरळ, शहाण्या माणसासारखा विचार आला, की अय्यांना भेटून तिला दुसरं द्यायला सांगू, हे काही न सुटणारं नाही. आणि तो विचार तोंडापर्यंत येऊन थांबला, कारण त्याच्या खाली दुसराच प्रश्न होता, आणि तो प्रश्न चावत होता. पोरीनं आईला सांगितलं. आईनं ठेवून घेतलं. दोघींनी मिळून एक सबंध दिवाळी त्याच्यासमोर काढली, फराळ केला, हसल्या, आणि त्याला कळू दिलं नाही. "मला का नाही सांगितलं तिनं? मी मारलं असतं? कधी आवाज चढवला का मी तिच्यावर?"

राजेश्वरीनं पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. सांगावं की नाही, असं तिच्या चेहऱ्यावर एकदा येऊन गेलं. "ती म्हणाली, अप्पांना सांगू नको. अप्पा रागावणार न्हाईत. जेवायचं सोडतील."

कपडे धोपटण्याचा आवाज थांबला. जेवायचं सोडतील. हो, सोडायचा तो. कधी हात उचलला नाही याचा त्याला अभिमान होता, चारचौघांत सांगायचा. बारावीनंतर पोरगी म्हणाली मला इतिहास घ्यायचाय, तेव्हा तो एक शब्द बोलला नव्हता. नुसता ताटावरून उठला होता. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी नाही. दुकानात जायचा, यायचा, पाणी प्यायचा, हसून बोलायचासुद्धा. तिसऱ्या दिवशी दुपारी चंद्रिका ताट घेऊन त्याच्यासमोर आली होती. "जाते मी इंजिनिअरिंगला, अप्पा. जेवा." तो जेवला होता. चवीनं जेवला होता, शेंगाची चटणी मागून घेतली होती, आणि पोरगी किती समजूतदार आहे म्हणून त्याचे डोळे भरून आले होते. त्याच्या आधी सहलीचं. त्याच्या आधी केस कापल्याचं. त्याच्या घरात सगळे वाद त्याच्या ताटापाशी मिटायचे, आणि त्याला ते प्रेम वाटायचं. आता त्याला दिसलं, की गळ्यातलं काढून ठेवताना त्या पोरीच्या डोळ्यांसमोर देव नव्हता, बापाचं न उष्टावलेलं ताट होतं. खोटं नको म्हणणाऱ्या पोरीला एकच खोटं करावं लागलं, आणि ते त्याच्यामुळं. तो रडला. टपरीच्या फळीवर, भर उन्हात, हेल्मेट मांडीवर घेऊन एक्कावन्न वर्षांचा माणूस हुंदके देत होता, आणि रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला मान वळवून बघत गेला. राजेश्वरी जवळ आली नाही, लांबही गेली नाही.

परत जाताना त्यानं गाडी अगदी हळू चालवली. ब्रेक लागलाच नाही. लागला असता तरी काय.

शोरूमच्या दारात उदयसिंह वाटच बघत होता. त्याला इतका वेळ का लागला ते विचारायचं होतं, पण दोघांचे चेहरे बघून त्यानं ते गिळलं आणि धंद्याचं बोलला. "मग, निळीच ना सर? मी म्हटलंच होतं, काकूंच्या पाठीला निळीच बरी. करडीवर मागचा मानूस घसरतोय पुढं, तुमचंच म्हणणं हाय." गुरुशांतनं वही उघडली. करडीचं पान समोर आलं, सगळी मापं लिहिलेली, शेवटची चौकट रिकामी. फुली मारावी की काय करावं ते त्याला सुचेना. बोट नुसतंच त्या चौकटीवर राहिलं.

"करडी घ्या," राजेश्वरी मागून म्हणाली.

"काकू, पाठीला त्रास हुईल बगा."

"माजी पाट चांगली हाय," ती म्हणाली. परक्या माणसासमोर, स्पष्ट. उदयसिंह हसला, त्याला ती चेष्टा वाटली. फॉर्म भरताना त्यानं विचारलं, मागचं सस्पेन्शन वजनाला लावून देतो, काकूंचं वजन किती धरू? गुरुशांतला सांगता आलं नाही. तेही तिनंच सांगितलं. दीड वर्षात सोळा किलो गेलं होतं तिचं.

घरी पोचायला दीड वाजला. राजेश्वरीनं चंद्रिकाचे कपडे बदलून साडी नेसली, आणि स्वयंपाकघरातून परातीचा आवाज यायला लागला. गुरुशांत बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसला होता. त्याला आपल्या गळ्यातल्या करडगीचं वजन कळत होतं, कधी नव्हे ते. आतून भाकरीचा वास आला, आणि त्याच्या पोटानं तोंड फिरवलं. एरवी रागानं जेवायचं सोडलं की भूक लागलेली असायची आणि तो ती मारायचा. त्यातच तर सगळी ताकद होती. आज राग नव्हता. आज भूक नव्हती. झोपून राहावं, भिंतीकडं तोंड करून, उद्यापर्यंत, परवापर्यंत, एवढंच शरीर मागत होतं.

"वाडलंय," ती म्हणाली.

तो आत गेला तो सांगायलाच, की मला नको, तू जेव. ताट मांडलेलं होतं. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, दही. राजेश्वरी चुलीकडं पाठ करून उभी होती, हातांना पीठ तसंच, आणि ती त्याच्या हातांकडं बघत होती. चेहऱ्याकडं नाही. त्या बघण्यात राग नव्हता, आरोप नव्हता. ती नुसती वाट बघत होती, खूप दिवसांची सवय असल्यासारखी. गुरुशांतला एकदम कळलं, की या घरातल्या दोघी बायका अशाच उभ्या राहिल्या असतील दर वेळी, इथंच, दाराआडून, हा हात भाकरीकडं जातो का ते बघत. आणि आज आपण नको म्हटलं, तर ते दुःख आहे की शिक्षा, हे तिला कधीच कळणार नाही. सांगून पटणार नाही. तिनं खरं बोललेलं हे पहिलं आणि शेवटचं ठरेल.

तो बसला. भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला. तो फिरेना. त्यानं पाण्याचा घोट घेऊन ढकलला. दुसरा मोडला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते नाकाशी येत होतं, ताटात पडत होतं, तरी तो चावत राहिला, मान खाली घालून, एखादं अवघड काम उरकावं तसा. घास छातीत अडकायचा, दुखायचा, उतरायचा. एक भाकरी संपायला अर्धा तास लागला असेल. राजेश्वरी हलली नाही.

"आणखी एक वाढ," तो म्हणाला.

तिनं वाढली. तिच्या हातावरचं सुकलेलं पीठ ताटात सांडलं. त्यानं तीही मोडली, दह्यात कुस्करली, खाल्ली, शेवटी बोटानं ताट पुसून घेतलं. मग मान वर केली आणि बायकोला म्हणाला, "सांग तिला. अप्पा जेवले म्हणून."

राजेश्वरीनं डोक्यावरचा पदर तोंडाला लावला. मग ती तव्याकडं वळली आणि स्वतःसाठी भाकरी थापायला बसली.